मोटारीच्या जुन्या काचा बदलताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांत जुन्या मोटारींच्या काचांविषयीची पत्रे इतकी होती की, या वेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. त्यामागचे कारण उघड आहे. नाशिकच्या उन्हाळ्यात काचेभोवतीचे रबर वाळून कडक होते आणि मृगाची पहिली सर येऊन गेली की चालकाच्या पायाशी पाणी साचलेले दिसते. पहिल्या पत्रात बहुतेक अडचणी एकत्र आल्या असल्यामुळे त्याला सविस्तर उत्तर देत आहे.

प्रश्न : आजोबांनी घेतलेली १९५५ सालची मॉरिस मायनर देवळालीच्या आमच्या बंगल्यात बरीच वर्षे उभी होती. आता ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. पुढच्या दोन्ही काचा कडेने दुधाळ पांढऱ्या झाल्या आहेत. चालकाच्या बाजूच्या दाराची काच पूर्वी फुटली तेव्हा घराच्या खिडकीची साधी काच कापून तेथे बसवली होती, तीच अजून आहे. काचा कोठून करून घ्याव्यात, गॅरेजवाल्याला काय सांगावे, आणि नव्या काचांमुळे गाडीचे मूळ रूप बिघडेल का? — एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : आपल्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी एक विनंती करतो. दारातील ती साधी काच आधी काढून ठेवावी, आणि योग्य काच बसेपर्यंत गाडी अंगणाबाहेर नेऊ नये. साधी काच फुटते तेव्हा तिचे लांब, सुरीसारखे धारदार तुकडे होतात, आणि गाडीत बसल्यावर आपला चेहरा व गळा दाराच्या काचेपासून वीत-दीड वीतच दूर असतो. मोटारीसाठी दोनच प्रकारच्या काचा योग्य आहेत. टफन्ड काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या जोरदार झोताने एकदम निववतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो, आणि ती फुटलीच तर तिचे बारीक, बोथट दाणे होतात. लॅमिनेटेड काचेत दोन पातळ काचांमध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक पडदा असतो, आणि तडा गेला तरी तुकडे त्या पडद्याला धरून राहतात. हातातील काच कोणती आहे हे ओळखण्यासाठी तिची उघडी कड उजेडात पाहावी. लॅमिनेटेड काचेत मध्ये बारीक रेघ दिसते. पोलराइज्ड गॉगल लावून तिरके पाहिले असता टफन्ड काचेवर बहुधा गडद ठिपके किंवा पट्टे उमटलेले दिसतात.

पुढच्या काचांच्या कडेचा पांढरेपणा हे त्या लॅमिनेटेड असल्याचे लक्षण आहे. रबर आटले की पावसाचे पाणी खाचेत मुरते, काचेच्या कडेतून आतल्या पडद्यापर्यंत पोहोचते आणि पडदा काचेपासून सुटू लागतो. हा दोष दोन काचांच्या मध्ये असल्यामुळे बाहेरून कितीही घासले तरी जात नाही. पॉलिश करून देतो असे कोणी म्हणाले तर नम्रपणे नकार द्यावा.

आपल्या बाबतीत एक गोष्ट फार चांगली आहे. मायनरची पुढची काच १९५६ सालापर्यंत दोन तुकड्यांची असे आणि ते दोन्ही तुकडे अगदी सपाट असत. त्या वर्षी ‘मायनर १०००’ आली आणि तेव्हापासून तिला एकसंध, बाकदार काच मिळाली. आपली गाडी १९५५ ची असल्यामुळे काचेसाठी आपल्याला साचा, भट्टी, परदेशी मागणी यांपैकी काहीच लागणार नाही. सपाट लॅमिनेटेड काच तयार तावातून कापता येते. कारागीर दोन्ही बाजूंनी एकाच रेषेवर चिरा ओढतो, काच हलकेच वाकवून दोन्ही थर मोडतो आणि मग मधला पडदा ऊब देऊन पात्याने कापतो. हे नाजूक काम आहे. चिरा एकमेकींवर अचूक आल्या नाहीत तर कडेला कपचे उडतात आणि पुढे तेथूनच तडा धावतो. म्हणून मुंबई नाका, द्वारका किंवा सातपूरच्या बाजूला चौकशी करताना ‘लॅमिनेटेड काच मिळेल का’ एवढेच विचारू नये, तर ‘लॅमिनेटेड काच आकारात कापून, कडा घासून देता का’ असे विचारावे आणि आधी कापलेला एखादा तुकडा पाहायला मागावा.

काच घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३ चा भाग २ आहे. भाग १ इमारतींसाठी आहे. दुकानाच्या दर्शनी भागासाठी आलेली लॅमिनेटेड काच दिसायला तशीच असते, परंतु तिचा पडदा पुष्कळदा ०.३८ मिलिमीटरचा असतो, तर मोटारीच्या पुढच्या काचेत तो ०.७६ मिलिमीटरचा असतो. समोरून दगड आला किंवा डोके आदळले तर हा फरक महत्त्वाचा ठरतो. दुसरी गोष्ट जाडीची. ब्रिटिश गाड्यांच्या काचा इंचाच्या हिशेबाने केलेल्या असतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर आणि तीन-सोळांश इंच म्हणजे सुमारे ४.८ मिलिमीटर. जुनी काच व्हर्नियरने (जाडी मोजण्याच्या बारीक मापपट्टीने) मोजावी आणि रबराची खाचही मोजावी. खाचेपेक्षा जाड काच रबरात बळेच बसवली तर रबर चौकटीवर कधीच नीट टेकत नाही.

आता मापाविषयी. येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे, कारण या कामातील माझे सर्वांत मोठे नुकसान मापामुळेच झाले. काही वर्षांपूर्वी एका जुन्या गाडीच्या दाराची काच करून घेताना मी फुटलेल्या काचेचे तुकडे कागदावर जुळवले, त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवली आणि तो कागद काचवाल्याकडे दिला. काच कापली गेली, टफन होऊन आली, आणि दारात अर्ध्यावर अडकली. पेन्सिलीच्या जाडीने आणि तुकड्यांमधील फटींनी मिळून दोन-तीन मिलिमीटर वाढले होते. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, कडही घासता येत नाही. तसे करायला गेले की ती क्षणात दाणेदार होऊन पडते. ती काच तशीच टाकून द्यावी लागली. तेव्हापासून मी तीन मिलिमीटर जाडीच्या हार्डबोर्डचा फर्मा, म्हणजे काचेच्या नेमक्या आकाराचा नमुना, केल्याशिवाय काचेची ऑर्डर देत नाही. फर्मा दारात बसवावा, हँडल फिरवून पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्यावा, आणि हे तीन-चार वेळा करावे. तो कोठे घासतो, वरच्या चॅनलमध्ये सर्व बाजूंनी सारखा जातो का, हे पाहून कानशीने हळूहळू कमी करत न्यावे. फर्म्यावर ‘बाहेरची बाजू’ असे लिहावे, जाडी लिहावी आणि भोक असल्यास त्याचा व्यास लिहावा. काच कापून, कडा घासून आणि भोके पाडून झाल्यावरच ती टफनिंगच्या भट्टीत जाते, हे लक्षात ठेवावे.

फर्मा दारात फिरवून पाहण्यापूर्वी दार आतून साफ केलेले असले पाहिजे. काच ज्या चॅनलमधून सरकते त्यातील फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे अस्तर) इतक्या वर्षांत झिजून किंवा कसरीने खाऊन गेलेला असतो, आणि फेल्ट नसलेल्या चॅनलमध्ये बसणारा फर्मा नवा फेल्ट लावताच मोठा ठरतो. म्हणून आधी फेल्ट बदलावा, काच वर-खाली करणाऱ्या मशीनच्या दात्यांना आणि सरकत्या भागांना ग्रीस लावावे, दाराच्या तळाची पाणी निघून जाण्याची भोके तारेने मोकळी करावीत, आणि मगच माप घ्यावे. काचेची खालची कड ज्या लोखंडी चॅनलमध्ये बसते तो बहुतेक वेळा गंजून फुगलेला असतो. त्यात काच हातोडीने ठोकून बसवू नये. गंज काढून, रंग देऊन, रबर किंवा कॉर्कची पट्टी काचेच्या कडेवर दुमडून, साबणाच्या पाण्याने ओली करून काच दाबत बसवावी.

पुढच्या काचेच्या कामात काचेला मी तिसरे स्थान देतो. पहिले पत्र्याच्या चौकटीला आणि दुसरे रबराला. जुने रबर काढताना ते वाचवण्याचा प्रयत्न करू नये. धारदार पात्याने कापून काढावे, म्हणजे चौकटीवर किंवा काचेवर जोर येत नाही. त्याखाली गंज सापडेल अशीच मनाची तयारी ठेवावी, विशेषतः खालच्या दोन कोपऱ्यांत. गंजाचा एखादा कण किंवा डेंटरने घाईत ठेवलेला वेल्डिंगचा थेंब काचेच्या कडेला एकाच जागी टोचत राहतो, आणि आठवड्याभराने, गाडी सावलीत उभी असतानाही, तेथून तडा जातो. मग दोष काचेला दिला जातो. चौकट पत्रा लागेपर्यंत घासावी, प्रायमर आणि रंग द्यावा आणि रंग पूर्ण वाळू द्यावा. रबर मात्र नवेच घ्यावे. मायनरची सर्व रबरे ब्रिटनमध्ये आजही नव्याने तयार होतात. आयात शुल्क आणि टपाल धरून ती महाग पडतात, परंतु ‘जवळपास सारखे’ म्हणून मीटरवर मिळणारे रबर कोपऱ्यात सुरकुतते आणि पहिल्याच पावसात गळते.

प्रत्यक्ष बसवण्यासाठी दोन माणसे आणि एक सुती किंवा नायलॉनची दोरी लागते. रबर आधी काचेवर चढवायचे आणि जी खाच चौकटीच्या पत्र्यावर बसणार आहे, तिच्यात दोरी सर्व बाजूंनी भरायची. तिची दोन टोके खाली मध्यभागी एकमेकांवर हातभर येतील आणि गाडीच्या आत लोंबतील असे पाहायचे. रबराला साबणाचे पाणी लावायचे. ग्रीस किंवा इंजिन ऑइल कधीही लावू नये, त्याने नैसर्गिक रबर फुगते आणि सडते. एकाने बाहेरून तळहाताने काच दाबून धरायची आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची आतली ओठी पत्र्यावरून आत येत जाते. मुठीने ठोकू नये, आणि कोपरा अडला तर ओढणे थांबवून तेथे पुन्हा साबणाचे पाणी सोडावे. हे काम उन्हात तापवून मऊ केलेल्या रबराने सोपे जाते, पण काच स्वतः उन्हात तापलेली नसावी. शेवटी काच आणि रबर यांच्यात न वाळणारे मॅस्टिक, म्हणजे फटी बुजवण्याचा चिकट लगदा, भरावे. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन येथे अजिबात नको. वाळताना त्यातून सुटणारे आम्ल पत्र्याला गंजवते, आणि तो गंज रबराखाली असल्यामुळे उशिरा कळतो.

पुढच्या काचेसाठी लॅमिनेटेडच का, असा प्रश्न गॅरेजमध्ये कोणी विचारील, कारण टफन्ड स्वस्त पडते. टफन्ड काच फुटताच सगळीच्या सगळी जाळीदार होते आणि धावत्या गाडीत समोरचे दिसेनासे होते. कसारा घाट उतरताना असे झाले तर काय होईल याची कल्पना केली तरी पुरे. दारांसाठी मात्र मी टफन्डच सुचवतो, कारण वर-खाली होणाऱ्या काचेच्या कडा उघड्या राहतात आणि लॅमिनेटेडच्या कडेत पुन्हा पाणी शिरण्याचा धोका असतो.

मूळ रूपाविषयी आपली काळजी मला समजते. जुन्या काचांच्या कोपऱ्यात कारखान्याचे कोरलेले चिन्ह असेल. ट्रिप्लेक्ससारख्या ब्रिटिश काचांवर त्या चिन्हाच्या अक्षरांजवळ दिलेल्या ठिपक्यांतून काच कोणत्या वर्षी आणि तिमाहीत झाली हे कळते, आणि ती तारीख गाडीच्या तारखेशी जुळत असेल तर काच गाडीसोबतच आलेली आहे याचा तो पुरावा असतो. त्या काचा फेकू नयेत. चिन्हाचे जवळून छायाचित्र घ्यावे, काचा ब्लँकेटमध्ये गुंडाळून उभ्या ठेवाव्यात आणि गाडीच्या कागदपत्रांत त्याची नोंद करावी. जुनी काच घरात जपून ठेवणे आणि सुरक्षित काच गाडीत बसवणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

प्रश्न : आमच्याकडे १९३४ सालची ऑस्टिन आहे. पुढची काच चहासारखी पिवळट-तपकिरी झाली आहे. बाजूच्या काचांतून पाहिले की बाहेरचे झाड किंचित लहरते. घरातील मोठ्या माणसांना ती लहर फार प्रिय आहे आणि त्या काचा काढू देण्यास त्यांचा विरोध आहे. — एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : पिवळेपणाचे मूळ लॅमिनेटेड काचेच्या जन्मातच आहे. एदुआर बेनेडिक्टस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून १९०३ साली प्रयोगशाळेतील काचेचे एक भांडे खाली पडले, तडकले, परंतु विखुरले नाही. आतील सेल्युलोज नायट्रेटचा द्रव सुकून त्याचा पापुद्रा काचेला चिकटलेला होता, अशी हकिकत सांगतात. पुढे १९०९ मध्ये त्यांनी दोन काचांमध्ये असाच थर घालण्याचे पेटंट घेतले. हा सेल्युलोजचा थर उन्हाने पिवळा पडतो, तपकिरी होतो आणि ठिसूळही होतो. पॉलिव्हिनाइल ब्युटिरल हा आजचा स्वच्छ पडदा १९३० च्या दशकाच्या अखेरीस आला. आपली पुढची काच आता पाहण्याच्या आणि वाचवण्याच्या, दोन्ही कामांसाठी निकामी झाली आहे, ती बदलावी. ऑस्टिनची काच सपाट असल्यामुळे वरील उत्तरातील सर्व सूचना तिला लागू पडतात. चौकटीत लाकूड असेल तर माप पावसाळ्यात घेऊ नये, कारण ओलाव्याने लाकूड फुगलेले असते; शिवाय जुने स्क्रू फिरवताना आधी त्यांच्या खाचेतील रंग खरवडून काढावा.

लहरीविषयी मला मोठ्या माणसांची बाजू मनापासून पटते. वितळलेल्या कथिलावर तरंगत पसरणारी फ्लोट काच पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली. त्यापूर्वी भट्टीतून वर ओढून काढलेल्या तावात अशी लहर राहत असे. आज तशी काच बाजारात सहज मिळत नाही. परंतु लहर आहे याचा अर्थ ती काच बहुधा साधी आहे, आणि साध्या काचेविषयी मी वर जे लिहिले ते येथेही तितकेच खरे आहे. गाडी केवळ प्रदर्शनात, ढकलून नेऊन उभी करायची असेल तर त्या काचा राहू द्याव्यात. मुलाबाळांना बसवून गंगापूर धरणापर्यंत जरी फेरी मारायची असेल, तरी त्या उतरवाव्यात आणि घरात एखाद्या लाकडी चौकटीत, खिडकीसमोर लावाव्यात. झाड तेथूनही तसेच लहरताना दिसेल.

प्रश्न : ॲम्बेसेडरची पुढची काच बाकदार आहे. ती सिन्नरला कशी आणावी? आणि तोवर ॲक्रिलिकची शीट वाकवून लावली तर चालेल का? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : बाकदार काच घरगुती उपायांनी होत नाही. तिला साच्यावर ठेवून भट्टीत मऊ करावे लागते. सुदैवाने ॲम्बेसेडर २०१४ पर्यंत तयार होत होती, त्यामुळे तिच्या काचा अजून बाजारात सापडतात. मात्र केवळ ‘ॲम्बेसेडरची काच’ असे फोनवर सांगून मागवू नये. आपल्या चौकटीची मधली आणि कडेची उंची, तसेच वरची आणि खालची रुंदी मोजून कळवावी. मुंबईहून आणायची असेल तर काच टेम्पोत कधीही आडवी झोपवू नये. लाकडी चौकटीत, दोन्ही बाजूंना गादीचे तुकडे देऊन, तिच्या खालच्या कडेवर उभी ठेवावी आणि पट्टे फार आवळू नयेत. पोहोचल्यावर टेम्पोवाल्यासमोरच कडा बोटाने नव्हे, डोळ्यांनी तपासाव्यात. कडेचा लहानसा कपचाही नंतर महागात पडतो.

ॲक्रिलिक लावू नये. वायपरच्या पहिल्या काही फेऱ्यांतच त्यावर ओरखडे उठतात, रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यांवर पसरतो, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांना अपेक्षित असलेली सुरक्षा काच ती नव्हे.

प्रश्न : गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आहे. नव्या काचांमुळे अर्ज नाकारला जाईल का? उन्हासाठी फिल्म लावता येईल का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चॅसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा अशी त्यातील अट आहे. त्याच आकाराची आणि तशीच बसवलेली सुरक्षा काच हा तसा बदल नव्हे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते, आणि अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नसते. काचेचे देयक आणि तिच्यावरील मानकाच्या चिन्हाचे छायाचित्र फाइलमध्ये जोडून ठेवावे.

फिल्मच्या भानगडीत पडू नये. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, आणि बाजारातून आणून चिकटवल्या जाणाऱ्या काळ्या फिल्मना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये मनाई केली. नवी काच करून घेताना मुळातच हलकी हिरवट छटा असलेली, मानकानुसारची काच मागता येते. तथापि १९५०-६० च्या गाडीवर ती छटा मला तरी उपरी वाटते.

प्रश्न : काच चांगली आहे, पण तिच्यावर पांढरे डाग आणि वायपरचे ओरखडे आहेत. बदलावीच लागेल का? — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : बदलण्याची घाई करू नये. पांढरे डाग बोअरवेलच्या जड पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळवल्यामुळे पडलेले असू शकतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेला कपडा त्यांवर दहा मिनिटे ठेवून पुसावा, फक्त व्हिनेगर क्रोमवर आणि रंगावर ओघळू देऊ नये. उरलेला धूसरपणा आणि अगदी बारीक रेषा सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून, फेल्टच्या चकतीने, काच सतत ओली आणि थंड ठेवत घासल्यास कमी होतात. ओरखड्यावरून नख फिरवून पाहावे. नख अडकले तर तो घासून काढण्याचा आग्रह धरू नये. तेवढी काच झिजवली की तेथे खळगा होतो आणि चालकाला रस्ता त्या जागी वाकडा दिसतो. असा ओरखडा चालकाच्या नजरेसमोर असेल तर काच बदलावी, कोपऱ्यात असेल तर राहू द्यावा. दोन्ही बाबतींत वायपरची रबरे आधी बदलावीत, कारण ते ओरखडे पाडणारी वाळू बहुधा अजून त्या जुन्या रबरांतच रुतलेली असते.